वस्तऱ्याखाली आधी कोण बसले

माझा चुलतभाऊ जून २००४ मध्ये पुण्यातल्या एका रुग्णालयात यकृत निकामी होऊन वारला. तो सव्वीस वर्षांचा होता. मृत्यूचे कारण 'तीव्र कावीळ, ब प्रकार' असे नोंदले गेले. त्याआधी मार्चमध्ये माझे वडील वारले होते. त्यांच्या दहाव्याला, गावाखालच्या नदीकाठी, तिघांचे मुंडण एकाच पात्याने झाले. आधी माझे, मग माझ्या धाकट्या भावाचे, शेवटी त्याचे.

धाकट्या भावाला काही झाले नाही. मलाही नाही.

आमचे गाव पौड रस्त्याला, कासार आंबोलीच्या पुढे आत आहे. मी तेव्हा पुण्यातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. वडिलांच्या दुखवट्यासाठी रजा मिळाली होती. पण दहाव्याच्या आदल्या दिवशी पानाला माणूस नव्हता, म्हणून मी परत गेलो, पान लावले आणि सकाळच्या एसटीने निघालो. गाडी चांदणी चौकाच्या पुढे बंद पडली. मी घाटावर पोहोचलो तेव्हा भावकी जमून बराच वेळ झाला होता. प्रवचनकार आले होते, पिंडांची तयारी झाली होती. माझी वाट बघून शेवटी चुलतभावाला दगडावर बसवले होते. त्याचे डोके भिजवून झाले होते. गळ्याभोवती पंचा होता.

"आलं का संपादक," तो म्हणाला. "मी म्हनलं, आज कावळ्याची बातमी लावूनच येतोय का काय."

भावकीतले सर्वांत वयस्कर आजोबा पायरीवर बसले होते. ते त्याला म्हणाले, "उठ रं. थोरला आलाय. त्यो करता हाय, आधी त्येचं."

"उठतो की. डोकं भिजवून ठिवलंय तेवढं दादाच्या खात्यावर मांडा म्हंजी झालं."

तो उठला. दगडावर सांडलेले पाणी त्याने पंचाने पुसले आणि मला हाताने बसायची खूण केली. मी बसलो.

न्हाव्याने नवी पुडी माझ्यासमोर फोडली. पाते अर्धे मोडले, वस्तऱ्यात घातले. "नवं हाय दादा, बगा," तो म्हणाला. मी मान हलवली. उन्हाळा सुरू झाला होता आणि माझ्या डोक्यावर घामोळ्यांचे फोड होते. दोन ठिकाणी रक्त आले. त्याने तुरटी फिरवली. मग धाकटा भाऊ बसला. त्याच्यानंतर न्हाव्याने पुडीकडे हात नेला, तेव्हा आजोबा म्हणाले, "एकाच घरची हायेत. चालंल त्येच."

न्हाव्याने पाते वाटीतल्या पाण्यात बुडवून काढले. कोणी काही बोलले नाही. मीही नाही. चुलतभाऊ पुन्हा दगडावर बसता बसता म्हणाला, "दादाचं केस कापून बोथट झालं आसंल. जरा बेतानं घ्या." त्यालाही कानामागे कापले.

कासार आंबोलीला पुण्याच्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले आहेत. त्यांतल्या काही बंगल्यांच्या बागा आणि पाण्याचे पंप चुलतभाऊ सांभाळत असे. मेच्या मध्यावर त्याला थकवा येऊ लागला. उन्हाचे असेल, असे घरी ठरले. मग डोळे पिवळे झाले. काकीने, म्हणजे त्याच्या आईने, त्याला शेजारच्या गावात नेऊन काविळीची माळ घालून आणली. माळ गळ्यातून वाढत खाली उतरत जाते, तशी कावीळ उतरते, असे आमच्याकडे मानतात. मी रविवारी गेलो तेव्हा तो ओसरीवर पडला होता. "माळ गुडघ्याला लागली की मी बरा," तो म्हणाला. "तवर बायकूवानी पदर सांभाळून चालतुया." त्याचे लग्न व्हायचे होते.

त्यानंतरच्या आठवड्यात तो अंथरुणात पडल्या पडल्या पंप बंद करायला सांगू लागला. पंप चालू नव्हता. धाकट्या भावाने त्याला जीपमध्ये घालून पुण्याला आणले. तोपर्यंत तो आईलाही ओळखत नव्हता.

रुग्णालयात मला नेहमीचे प्रश्न विचारले गेले. इंजेक्शन घेतले होते का, रक्त दिले-घेतले होते का, गोंदले होते का. मी मुंडणाचे सांगितले. डॉक्टरांनी मान डोलावली. काकीने त्यांना एकच विचारले, "माळंपायी उशीर झाला का?" ते म्हणाले, या प्रकारात लवकर आणले असते तरी फारसा फरक पडला नसता. ते खरे बोलत होते की तिची समजूत घालत होते, हे मला तेव्हा ठरवता आले नाही.

तो गेल्यानंतरच्या आठवड्यात मी बातमी लिहिली. जिल्ह्याच्या पानावर, डाव्या बाजूला, मुंडणातून काविळीची लागण होऊन तरुणाचा मृत्यू, अशा मथळ्याखाली ती आली. बातमीत गावाचे नाव होते, माणसांची नव्हती. तिघांचे मुंडण एकाच पात्याने झाले, पाते मध्ये बदलले नाही, तिघांतला एक दगावला, असे तिच्यात होते. यातले एकही वाक्य खोटे नव्हते.

पाते नवे होते, हे बातमीत नव्हते. ते मला माहीत होते. कोऱ्या पात्यावर आधीच्या कोणाचे रक्त असू शकत नाही. त्यावर रोग येईल तो पहिल्या डोक्यावरून. एखाद्या शिकाऊ वार्ताहराने ही बातमी टेबलावर आणली असती, तर पहिला कोण होता, असे मी त्याला विचारले असते आणि बातमी परत दिली असती.

गावात वर्तमानपत्र पौडहून येत असे. दोन दिवसांत सगळ्यांनी बातमी वाचली होती किंवा ऐकली होती. न्हाव्यालाच कावीळ आहे, त्यानेच ती पसरवली, असे बोलणे सुरू झाले. आमच्या आणि आजूबाजूच्या गावांतून त्याला बोलावणे बंद झाले. काकीने त्याच्या दारात जाऊन शिव्या दिल्या, असे धाकट्या भावाकडून कळले.

पावसाळ्यात न्हावी मला पौडच्या एसटी स्टँडवर भेटला. त्याच्या हातात छत्री होती. ती त्याने मिटली नाही.

"दादा, पुडी तुमच्यासमूर फोडली व्हती."

"हो."

"त्ये लिवलं न्हाई तुमी."

"बातमीत सगळं बसत नाही," मी म्हणालो.

"एवढंसं व्हतं. बसलं असतं." मग तो म्हणाला, "काकीला तरी सांगा. ती माऊली मला दारात उबं राहून बोलली, माझी पोरं ऐकत व्हती." त्याची बस लागली होती. मी सांगतो म्हणालो.

मी सांगितले नाही.

बातमी वाचून पुण्यातल्या एका संशोधन संस्थेने संपर्क साधला. विषाणूंवर काम करणाऱ्या एक डॉक्टर बाई आणि त्यांचे दोन सहायक जुलैमध्ये गावात आले. मी त्यांना घेऊन गेलो. त्यांनी धाकट्या भावाचे, न्हाव्याचे आणि माझे रक्त घेतले. चुलतभावाच्या रक्ताचा नमुना रुग्णालयात जपून ठेवलेला होता. मी बाही वर केली तेव्हा बाई म्हणाल्या, "तुमचं आपलं यादी पूर्ण करण्यापुरतं." मीही तसेच समजत होतो.

डिसेंबरमध्ये त्यांनी मला भेटायला बोलावले. एकट्यानेच या, असे सांगितले.

न्हाव्याला हा संसर्ग कधीच झालेला नव्हता. धाकट्या भावाला होऊन गेला होता. त्याच्या रक्तात प्रतिकारद्रव्ये होती, विषाणू नव्हता. त्याला त्या उन्हाळ्यात काही जाणवलेही नव्हते. माझ्या रक्तात विषाणू होता, आणि बहुधा पुष्कळ वर्षांपासून होता. पुढे आईची तपासणी झाली, तिच्यात तो सापडला नाही. मला कुठून आला, याचा माग लागला नाही. लहानपणचे एखादे इंजेक्शन असेल, कान टोचताना असेल. काही बाधित माणसांच्या यकृतात तो असा शांत राहतो, असे बाई म्हणाल्या.

माझा विषाणू आणि चुलतभावाचा विषाणू त्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचले होते. या विषाणूचा सगळा मजकूर जेमतेम तीन हजार अक्षरांचा असतो. दोन्हींचा मजकूर जुळत होता, आणि नेहमीच्या विषाणूपेक्षा दोन्हींत एकाच ठिकाणी एक अक्षर बदललेले होते. त्या बदलामुळे वाक्याच्या मध्येच पूर्णविराम पडतो, आणि विषाणू एरवी जे एक प्रथिन रक्तात सोडत असतो ते तयारच होत नाही. ते प्रथिन शरीराला झुलवत ठेवते, असे मानतात. वर्षानुवर्षे एकाच माणसात राहिलेल्या विषाणूत हा बदल बऱ्याचदा होतो. माझ्यात तो केव्हातरी झाला होता. त्याने मला त्रास दिला नव्हता. पण हाच बदललेला विषाणू कोऱ्या शरीरात गेला, तर तिथे झुलवणारे काही नसते, आणि शरीर एकदम सगळ्या बळानिशी तुटून पडते.

"विषाणू यकृत खात नाही," बाई म्हणाल्या. "बाधलेल्या पेशी आपलंच शरीर मारतं. तुमच्या भावाच्या शरीराने त्या सगळ्या एकदम मारल्या."

मी विचारले, "मग धाकट्याचं शरीर का तुटून पडलं नाही? पातं तेच, विषाणू तोच."

त्या म्हणाल्या की प्रत्येकाच्या पेशींवर ओळखीच्या खुणा असतात. कोणता परका तुकडा शरीराच्या पहारेकऱ्यांना किती जोरात दाखवायचा, हे या खुणांवर अवलंबून असते. काहींच्या खुणा अशा असतात की विषाणू लवकर ओळखला जातो आणि बेताने हटवला जातो. काहींच्या बाबतीत ओळख पटत नाही, आणि तो कायमचा राहतो. फार थोड्यांच्या बाबतीत घाव जिवावर बेततो. या खुणा निम्म्या आईकडून येतात, निम्म्या वडिलांकडून. "पण एका माणसाच्या मृत्यूत विषाणूचा वाटा किती आणि त्याच्या स्वतःच्या खुणांचा किती, हे मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "कोणीच सांगू शकणार नाही. हे लिहून घ्या, तुम्ही पत्रकार आहात."

मी लिहून घेतले. त्यांनी माझ्या उपचारांची चौकशी कुठे करायची ते सांगितले, आणि पत्नीला तपासून लस द्यायला सांगितली. ते सगळे झाले.

काकीकडे मी पुढच्या वर्षी दिवाळीनंतर गेलो. तोवर न जाण्याला माझ्याकडे कारणे होती. अहवाल अजून छापून आलेला नाही, हे एक होते. ती भात झोडून थकलेली होती. अंगणात पेंढा रचलेला होता. मी सांगितले की न्हाव्याचा दोष नव्हता, त्याचे रक्त स्वच्छ आहे.

"मग कुनाचं व्हतं?"

इथे मी एका वाक्यात उत्तर द्यायला हवे होते. त्याऐवजी मी तिला बाईंनी सांगितलेले समजावून सांगितले. विषाणू यकृत खात नाही, हे सांगितले. एकच विषाणू दोघांत गेला तरी एक वाचतो, एक जातो, हे सांगितले. अंगातल्या खुणांचे सांगितले. त्या निम्म्या आईच्या, निम्म्या बापाच्या असतात, हेही सांगितले. मी नीट, सोप्या शब्दांत सांगितले. 'मी' हा शब्द त्यात आला नाही.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "धाकटा तुझा वाचला."

"हो."

"त्येचा बाप आन् ह्येचा बाप सख्खं भाऊ. बापाकडलं दोघांचं एकच."

"अगदी एकच नसतं काकी—"

"मग वायलं काय ते माज्याकडनंच आलं की."

मी म्हणालो, तसे सिद्ध झालेले नाही. ती म्हणाली, "सिद्द कशाला व्हाया पायजे? पोर गेलं न्हव का माजं?" तिने सूप उचलले आणि आत गेली. मी थोडा वेळ अंगणात थांबलो आणि निघालो. न्हाव्याच्या बाबतीत तिने पुढे शब्द मागे घेतले. त्याच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलावले, असे कळले. मला ते ऐकून बरे वाटले होते.

काकीला एक मुलगी आहे, चुलतभावाची बहीण. ती पुण्याजवळच्या नांदे गावात दिली आहे. २००६ च्या सप्टेंबरमध्ये ती मला भेटायला कार्यालयात आली. तिला सातवा महिना होता. पहिले बाळंतपण माहेरी करायची आमच्याकडे रीत आहे; सातव्यानंतर आई मुलीला आणायला जाते. काकी गेली नव्हती. निरोप पाठवला तरी आली नव्हती.

कार्यालयाच्या खाली चहाचे दुकान होते. तिथल्या बाकावर आम्ही बसलो.

"दादा, तू आईला काय सांगितलंयस?"

मी विचारले, काय झाले.

"मी गेले होते परवा. म्हणती, हितं येऊ नगं. माझ्या रगतात खोट हाय, माझ्या हातानं तुझं पोर न्हाऊ घालायचं न्हाई. मला जवळ बसू दिलं नाही. ताटसुद्धा लांबून सरकवलं." ती नांद्याला राहून आमची बोली विसरत चालली होती, पण आईचे बोलणे तिने आईच्या आवाजात सांगितले. "शेजारणी म्हणतात, पुण्याच्या पुतण्यानं सांगितलं, मोठ्या डॉक्टरणीनं तपासलंय. कुणी तपासलंय आईला?"

"कोणीच नाही."

"मग?"

मी तिला सांगितले. तिला पहिल्यांदा सांगितले. विषाणू माझ्याकडून गेला. पाते कोरे होते, मी पहिला बसलो.

"तो बसला होता ना आधी," ती म्हणाली. "घरी आल्यावर हसत सांगत होता. दादासाठी जागा पुसून दिली म्हणून."

"हो."

"हे आईला सांग. आज सांग. तुझ्या भाषेत नको सांगू."

त्याच दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. काकी दारात तांदूळ निवडत बसली होती. मुलगी दिसताच ती उठून आत जाऊ लागली. मी उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो, "काकी, त्याला ते माझ्याकडनं गेलं. माझ्या रक्तातनं. माझ्यात आधीपासनं होतं, मला ठाऊक नव्हतं. पातं नवं होतं आन् मी पैला बसलो."

ती थांबली. तिने विचारले, "कवा कळलं तुला?"

"त्याच वर्षी. डिसेंबरात."

"आन् मला सांगाया आलास तवा?"

"तेव्हा ठाऊक होतं."

"म्हंजी वरीसभर मला भाजू दिलंस." ती हे ओरडून म्हणाली नाही. "मला खुणा सांगत बसलास. आईच्या निम्म्या, बापाच्या निम्म्या."

"ते खोटं न्हाई काकी. पण तुझ्याकडनं काय आलं, ते कुणालाच ठाऊक न्हाई."

"गप." मग म्हणाली, "तू एसटीनं आला नसतास, गाडी आनकी लेट झाली असती, तर?"

"तर तो पैला बसला असता. बहुतेक त्याला लागलं नसतं."

"बहुतेक," ती म्हणाली. तिने मुलीकडे पाहिले, तिच्या पोटाकडे पाहिले. "तू ये आत. उनात काय उबी ऱ्हायलीस अशा अंगानं." मग मला म्हणाली, "तू जा आता. तुला चा न्हाई देत मी आज."

मी पौडपर्यंत चालत गेलो.

परतल्यावर मी एक खुलासा लिहिला. २००४ च्या बातमीतील घटनेत वापरलेले पाते नवे होते, केशकर्तन करणाऱ्या कारागिरास कोणताही संसर्ग नसल्याचे तपासणीत आढळले आहे, बातमीत हा तपशील राहून गेला होता. वृत्तसंपादकांनी विचारले, इतक्या उशिरा कशाला? मग छापला. लागण कोणाकडून झाली, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही, आणि खुलाशात ते नव्हते. न्हाव्याने तोवर पौडला गाळा घेतला होता. त्याने खुलासा वाचला की नाही, हे मला माहीत नाही.

चुलत बहिणीचे बाळंतपण डिसेंबर २००६ मध्ये पौडला झाले. मुलगी झाली. जन्मताच तिला 'ब' काविळीची लस दिली गेली. त्यासाठी मी आधी तिथल्या डॉक्टरांशी फोनवर बोललो होतो. बाळ-बाळंतीण काकीच्या घरी आली.

बारशाचे बोलावणे धाकट्या भावाला आले, आईला आले. माझ्या घरी फोन आला तो माझ्या पत्नीच्या नावाने. ती भावाबरोबर गेली. परत आल्यावर तिने सांगितले की सकाळी काकीने पाटावर बसून, पाय पसरून, बाळाला स्वतः न्हाऊ घातले, आणि धुरी देऊन दुपट्यात गुंडाळले. धाकट्या भावाला मी स्वतंत्रपणे विचारले. त्यानेही तेच सांगितले.